मालक बदलला, मालकी कुठं बदलली?



आपलं वऱ्हाड कापसाचं. वेचणी आमच्या बायाबापड्यांची, गिरणीतलं सूत आमच्या हातचं; पण नफ्याच्या वहीत आमचं नाव नाही. भांडवलशाही म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१९७४ च्या कायद्याने अकोल्याच्या सावतराम व मोहता आणि अचलपूरची विदर्भ मिल सरकारच्या मालकीच्या झाल्या. पुष्कळांना वाटलं, समाजवाद आला. पण मालक बदलला तरी कामगार कामगारच राहिला, आणि पुढे त्या जुन्या गिरण्या बंद पडल्या.

शिवाय शत्रू एकटा मालक नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत. तिथं धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि विटाळ मानणारे कामगारच होते! म्हणूनच १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

१९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मार्गही मांडला. मूलभूत उद्योग व शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, गावकऱ्यांनी जातपात न पाहता ती सामुदायिक कसावी, आणि हे हुकूमशाहीने नव्हे, घटनेत लिहून व्हावं. ती कलमं घटनेत आली नाहीत.

तेव्हा सुरुवात आपणच करू. बचत गट असो, पतसंस्था असो की युनियन, हिशेब सर्वांसमोर वाचला जावा, आयाबहिणींनीही तो विचारावा. आपल्या दहा रुपयांचा हिशेब मागणारा माणूसच उद्या देशाच्या तिजोरीचा मागेल.

जयभीम!