ललिता बाबरचे तीन सीझन

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, तर जरा दाराजवळून आत सरका आणि ऐका. आज कोड, स्टार्टअप, अप्रेझल यातलं काहीच नाही. आज धावण्याबद्दल बोलायचंय.

झालं असं, की मागच्या रविवारी सकाळी मी दूध घेऊन वर येत होते. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "अगं, तूपण शाळेत पळायचीस ना? आमची आठशे मीटरला जिल्ह्यात दुसरी आली. पुढच्या वर्षी दहावी आहे. तिचे सर म्हणतात थांबवू नका. हे म्हणतात, पळून काय मिळणार? तू इंजिनीयर आहेस, तूच सांग."

मी काय केलं? "बघूया हं काकू" म्हणाले आणि लिफ्ट असताना दोन-दोन पायऱ्या चढत घरी पळाले. कारण मला उत्तर माहीत नव्हतं. आठवडाभर डोक्यात एकच नाव फिरत होतं. ललिता बाबर. म्हणून आजचा भाग तिच्यावर. आणि आधीच सांगते, ही श्रद्धांजली नाही. ललिता बाबर आज प्रशासकीय सेवेत आहे. मी आठवण काढतेय ती तिच्या धावण्याची.

आधी गावापासून सुरू करू. सातारा जिल्हा, माण तालुका, मोही गाव. माणदेश म्हटलं की दुष्काळ, पर्जन्यछायेचा प्रदेश. जून १९८९ मध्ये शेतकरी घरात तिचा जन्म. २००५ मध्ये पुण्यात वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती सोळा वर्षांचीही नसेल किंवा जेमतेम असेल. पुढे रेल्वेत नोकरी लागली. लोक तिला 'माणदेशी एक्सप्रेस' म्हणायला लागले.

आपण मुंबईकर तिला ओळखायचो ते मॅरेथॉनमुळे. जानेवारीतल्या रविवारी होणारी आपली मुंबई मॅरेथॉन. भारतीय महिलांमध्ये तिने ती लागोपाठ तीन वर्षं जिंकली, २०१४ ला हॅटट्रिक झाली. २०१५ मध्ये पुन्हा जिंकली, वेळ २ तास ३८ मिनिटं २१ सेकंद. त्या वर्षी मी बाबांबरोबर बोरिवलीहून पहाटेची लोकल पकडून गेले होते. पेडर रोडच्या चढावर उभे होतो. ज्यांनी ती मॅरेथॉन केलीय त्यांना विचारा, पस्तीस-छत्तीस किलोमीटर पळून झाल्यावर तो चढ कसा वाटतो. लोक चालायला लागतात तिथे. आणि ही बाई तिथे पावलाची लय न बदलता वर गेली. बाबा म्हणाले, "हिला दम लागत नाही का गं?" दम लागत असणारच. दिसत नव्हता, इतकंच.

आता गंमत बघा. मॅरेथॉनची ही राणी २०१४ च्या जानेवारीत ठरवते, की मला ३००० मीटर स्टीपलचेस पळायचंय. वय चोवीस.

स्टीपलचेस म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगते. साडेसात फेऱ्यांइतकं अंतर. अठ्ठावीस वेळा अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा पाण्याची उडी घ्यायची. महिलांसाठी अडथळा ७६ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या डायनिंग टेबलाएवढा. आणि तो हर्डल्ससारखा पाय लागला की पडत नाही. जड लाकडी तुळई असते ती. तुम्ही आपटलात तर तुम्हीच पडता. पलीकडे पाण्याचा खड्डा, त्यातून ओल्या बुटांनी बाहेर पडून पुन्हा वेग पकडायचा. आठशे-पंधराशेवाल्याचा वेग पाहिजे, लांब पल्ल्याचा दम पाहिजे, आणि थकलेल्या पायांत उडीचं गणित पाहिजे. महिलांसाठी ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार आला तोच मुळी २००८ ला.

आता मी इंजिनीयर, त्यामुळे आकडे काढून बसले. तुम्हीही मनात ग्राफ काढा.

सप्टेंबर २०१४, इंचिऑन एशियन गेम्स. ९ मिनिटं ३५.३७ सेकंद. कांस्य. स्टीपलचेस सुरू करून वर्षही झालं नव्हतं.

जून २०१५, वुहान, आशियाई अजिंक्यपद. ९:३४.१३. सुवर्ण, राष्ट्रीय विक्रम, आणि रिओचं तिकीट.

ऑगस्ट २०१५, बीजिंग, जागतिक अजिंक्यपद. हीटमध्ये ९:२७.८६. फायनल गाठली, तिथे आठवी आली. जगात आठवी!

एप्रिल २०१६, दिल्ली, फेडरेशन कप. ९:२७.०९.

१३ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिम्पिकची हीट. ९:१९.७६. पुन्हा राष्ट्रीय विक्रम, एका झटक्यात सात सेकंदांहून जास्त. आणि फायनलमध्ये प्रवेश. ऑलिम्पिकच्या वैयक्तिक ट्रॅक प्रकारात भारतीय महिला फायनलला पोहोचली ती पी. टी. उषानंतर थेट बत्तीस वर्षांनी. १९८४ नंतर २०१६.

फायनल आपल्याकडच्या वेळेनुसार १५ ऑगस्टला संध्याकाळी होती. मी तेव्हा बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालेलं, आदल्या रात्री दीपा कर्माकरचं व्हॉल्ट बघायला सगळे जागलेले. त्यामुळे संध्याकाळी टीव्हीसमोर मी आणि बाबा दोघंच. ललिता ९:२२.७४ मध्ये दहावी आली. बहारीनची रूथ जेबेट ८:५९.७५ मध्ये पहिली. म्हणजे तिने रेषा ओलांडली तेव्हा ललिता साधारण सव्वाशे मीटर मागे होती.

बाबांनी रिमोट उचलला. "दहावी का? असू दे." आणि चॅनल बदललं.

पुढच्या चार-पाच दिवसांत साक्षी मलिकचं कांस्य आलं, सिंधूचं रौप्य आलं. पेढे वाटले गेले. दहावी विसरली गेली. बाबांना दोष नाही देत. आपण सगळ्यांनीच चॅनल बदललं.

आता तो ग्राफ परत बघा. इंचिऑन ते रिओ, दोन वर्षांहून कमी काळ, आणि १५.६१ सेकंद कमी. रिओतलं कांस्यपदक अमेरिकेच्या एमा कोबर्नला मिळालं, ९:०७.६३ मध्ये. ललिताच्या हीटच्या वेळेपासून ते १२.१३ सेकंदांवर होतं. म्हणजे जितकं अंतर तिने दोन वर्षांत कापलं, त्याहून कमी उरलं होतं.

थांबा, मला माहितेय तुम्ही काय म्हणणार. ग्राफला पट्टी लावून पुढे ओढता येत नाही. बरोबर. शेवटचे सेकंद सगळ्यात महाग असतात. ९:३५ चं ९:२० करणं वेगळं आणि ९:२० चं ९:०८ करणं वेगळं. पदक मिळालंच असतं असं मी म्हणतच नाहीये. मी एवढंच म्हणतेय, की रेष वर जात होती, वय सत्तावीस होतं, आणि रेष तिथेच संपते. लंडन २०१७ च्या जागतिक स्पर्धेत ती नाही. जकार्ता २०१८ च्या एशियन गेम्समध्ये नाही. टोकियोत नाही. राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी पदावर नेमलं, २०२० च्या सुमारास ती रायगडमध्ये माणगावला तहसीलदार म्हणून काम करत होती.

त्याच रिओच्या फायनलमधली कोबर्न पुढच्याच वर्षी लंडनला जगज्जेती झाली. २०१९ ला दोहामध्ये रौप्य. तिची रेष पुढे गेली.

कारकीर्द अर्ध्यावर तुटणं आपल्याला ओळखीचं आहे, पण एका ठरावीक रूपात. तामिळनाडूची शांती सौंदरराजन आठवते? २००६ च्या दोहा एशियन गेम्समध्ये ८०० मीटरचं रौप्य जिंकलं आणि लिंगचाचणीच्या नावाखाली ते काढून घेतलं. चांगली पळणारी मुलगी, एका निकालाने बाहेर. किंवा रिओची विजेती रूथ जेबेट, एकोणीस वर्षांची ऑलिम्पिक चॅम्पियन, पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात चार वर्षांची बंदी. तिथे तोडणारा हात दिसतो. बातमी होते, वाद होतो.

ललिताच्या बाबतीत असा कुठला हात नाही. कुणी अन्याय केला असं मी म्हणणार नाही, आणि तिच्या निर्णयावर बोलायचा मला हक्कही नाही. मोहीसारख्या गावातून येऊन उपजिल्हाधिकारी होणं ही काय साधी गोष्ट आहे? माझ्या आजीला विचाराल तर ती म्हणेल, ऑलिम्पिकपेक्षा हेच मोठं. तिने आयुष्याचं सोनं केलं. त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

मग मला हळहळ कशाची वाटते? आठवडाभर विचार करून मला एक गोष्ट सापडली. आपल्याकडे खेळाडूला दोन प्रकारच्या नोकऱ्या मिळतात. एक, पळता यावं म्हणून दिलेली. दुसरी, पळल्याबद्दल दिलेली.

रेल्वे, सैन्य या पहिल्या प्रकारच्या. पगार सुरू, आणि तुमचं मुख्य काम सराव. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. तोही स्टीपलचेसवालाच, तोही दुष्काळी भागातला, शेतमजुरी-वीटभट्टीच्या घरातला. सैन्यात गेला आणि सैन्यात राहूनच पळत राहिला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ८:११.२० ने रौप्य, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिक फायनल, वय एकोणतीस.

दुसरी नोकरी म्हणजे बक्षीस. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, मोठ्या पदकविजेत्यांना थेट नियुक्ती आहे. चांगलंच आहे. पण तहसीलदाराची खुर्ची म्हणजे पूर, पंचनामे, दाखले, निवडणुका. त्या खुर्चीत बसून आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर कोण पळणार? आणि आपल्या घरांत पहिल्यापासून डोळा असतो तो या दुसऱ्या नोकरीवर. पळायचं कशाला, तर नोकरी लागावी म्हणून. मग नोकरी लागली, की पळायचं कारणच उरत नाही.

आणि दुसरं टोकही बघा. २००५ ला राष्ट्रीय सुवर्ण, आणि स्टीपलचेसच्या अडथळ्यासमोर ती गंभीरपणे उभी राहिली २०१४ ला. मधली नऊ वर्षं! निकोलाय स्नेसारेव्ह या बेलारूसच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली तिने जे केलं ते तीन सीझनमध्ये. २०१४, २०१५, २०१६. तीनच. सुरुवात उशिरा, शेवट लवकर. मेणबत्ती दोन्हीकडून कापली आणि मधला तुकडा तेवढा पेटला, तोही केवढा! तिचा तो ९:१९.७६ चा विक्रम मोडायला सात वर्षं लागली. २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने ९:१५.३१ केले. अठ्ठाविसाव्या वर्षी.

आता थोडं माझं. मी पंधराशे पळायचे. शाळेचं मातीचं मैदान, पावसाळ्यात चिखल. अकरावीला क्लास सुरू झाले आणि मी बूट माळ्यावर टाकले. बारावी झाली की परत, असं ठरलं होतं. परत काही झालं नाही. माझी कारकीर्द वगैरे अजिबात तुटली नाही हं, मी जिल्ह्यात चौथी-पाचवी येणारी होते, ललिताच्या पंगतीत बसायचं नाव नको. पण एक गोष्ट मला कळते. थांबायचं असं कुणीच ठरवत नाही. "यंदा राहू दे" असं ठरतं. आणि सोळाव्या वर्षी पायांत असलेली गोष्ट एकविसाव्या वर्षी माळ्यावरून काढता येत नाही.

तर काकू, तुमच्या लेकीने तुम्हाला ही लिंक पाठवलीच असेल. जिन्यात दिलं नाही ते उत्तर आता देते.

पळून काय मिळणार? क्रीडागुण मिळतील. कदाचित नोकरी मिळेल, कदाचित नाही. काका म्हणतात ती काळजी खोटी नाही. पण दहावी एका वर्षाची आहे आणि आठशे मीटरची वर्षं मोजकीच आहेत. तिचा सराव बंद करू नका, कमी करा. सहा दिवसांचे चार दिवस करा. क्लास संध्याकाळचा घ्या, सकाळ तिची राहू द्या. परीक्षेच्या दोन महिन्यांत नुसतं हलकं पळू दे. आणि सरांना आत्ताच विचारा, हिचं अंतर आठशेच आहे, की पंधराशे, की आणखी काही? नऊ वर्षांनी विचारू नका.

आणि रविवारी सकाळी सहाला तिला खाली पाठवा. मी नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत नेते आणि कान्हेरीच्या रस्त्यावर तिच्याबरोबर जमेल तेवढं पळते. पहिल्या चढाला ती मला मागे टाकेल, ते मला माहितेय. मी घड्याळ लावून तिची वेळ लिहून ठेवीन. ग्राफ काढायची जबाबदारी माझी.

बाकी मंडळी, तुमच्यापैकी कुणी आज रात्री रिओचा तो स्टीपलचेस शोधून बघणार असाल, तर पहिल्या तिघींवरून नजर जरा मागे न्या. दहाव्या क्रमांकावर निळ्या कपड्यांत एक मुलगी पळतेय. या वेळी चॅनल बदलू नका. शेवटपर्यंत बघा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.