तान्ह्या मुलाशी बोलावे



काशीच्या ब्रह्माघाट-दुर्गाघाट भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि गल्लीत भोजपुरी, अशा तीन भाषा तेथील मुलाच्या कानी पाळण्यातच पडतात. साहजिकच आईबापांना शंका येते, की एवढ्या भाषांनी बाळ गोंधळून तर जाणार नाही? पुढे शाळेत अडू नये म्हणून घरातील मराठी सोडावी काय? इंदूर-बडोद्याच्या मराठी माणसालाही ही शंका नवी नाही.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी १९८४ साली कॅनडातील एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बालके हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील भेद ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्या बालकांना तो उमगला. हिंदी घरांतील अकरा-बारा महिन्यांच्या बालकांना मात्र तो सहज कळत होता. बोलू लागण्यापूर्वीच मेंदू घरच्या ध्वनींना असा सरावतो. जे कानी पडते ते दृढ होते. जे पडत नाही ते क्षीण होते.

परंतु नुसते कानी पडणे पुरेसे नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बालके चिनी ध्वनी शिकली ती समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून. तेच बोलणे पडद्यावरून वा ध्वनिमुद्रणातून ऐकवले, तेव्हा ती काहीच शिकली नाहीत. ध्वनिक्षेपकासमोर बसून हे सांगताना मलाही थोडे हसू येते. पण रडणाऱ्या बाळाच्या हाती मोबाइल देणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

बाळाने हुंकार द्यावा, आपण उत्तर द्यावे आणि त्याच्या पुढच्या हुंकाराची वाट पाहावी. न्हाऊ घालताना, भाजी निवडताना, त्याला कडेवर घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरताना ही देवघेव चालू ठेवावी. यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. आपले लक्ष मात्र लागते. दोन वर्षांचे मूल 'आई, पानी दे' म्हणाले, तर तो दोष समजून रागावू नये. 'पाणी हवं का? हे घे,' एवढे म्हटले की पुरे. धाकाने मूल गप्प होते, आणि गप्प झालेल्या मुलाशी संवाद कसा व्हावा?

बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली याच काशीत, मराठी घराण्यात जन्मले. पुढे 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून ते हिंदी पत्रसृष्टीचे आधारस्तंभ ठरले. मराठी घरात जन्मल्याने त्यांची हिंदी अडली नाही.

तेव्हा आईबापांनो, ज्या भाषेत तुमचे हसणे आणि रागावणे मोकळे होते, त्याच भाषेत बाळाशी बोला. बाहेरच्या भाषा ते गल्लीत आणि शाळेत शिकेल. घरची भाषा मात्र त्याला तुमच्यावाचून कोण देणार?