४६ टक्के की १८ टक्के?

संशोधकांनी समाजापर्यंत गेले पाहिजे, हे वाक्य प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते आणि त्याला कोणीच विरोध करत नाही. म्हणूनच ते गुळगुळीत झाले आहे. कोणी जायचे आणि काय सांगायचे, असे विचारले की मतभेद सुरू होतात. माझे म्हणणे असे, की हे काम तरुण संशोधकाचे आहे आणि त्याने निष्कर्षाइतकीच पद्धतही सांगितली पाहिजे. याचे उदाहरण शोधायला सोलापूरबाहेर जायची गरज नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्या या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यावर कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमानाने ढगाच्या तळाशी जायचे आणि कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या पेटवायच्या; त्या क्षारकणांवर मोठे थेंब धरतात, ते वाटेतल्या लहान थेंबांना सामावून घेत वाढतात आणि खाली येतात. दोन वर्षांत २७६ ढग निवडले गेले. त्यांतल्या काहींत बीजारोपण केले, काही मुद्दाम तसेच सोडले, आणि रडार व पर्जन्यमापकांनी दोहोंची तुलना केली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात निष्कर्ष आले. काही ठिकाणी पाऊस सुमारे ४६ टक्क्यांनी वाढला. वाऱ्याच्या दिशेतले १०० चौरस किलोमीटर क्षेत्र धरले, तर सरासरी वाढ सुमारे १८ टक्के.

दोन्ही आकडे खरे आहेत. मथळा मात्र ४६ चाच होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. तिथल्या शेतकऱ्याच्या हिशेबाला १८ अधिक जवळचा. त्याहून मोलाचे आहेत ते मुद्दाम सोडलेले ढग. विमान गेले आणि पाऊस पडला, एवढ्याने विमानामुळे पडला असे होत नाही. तो एरवीही पडला असता. नवे खत वापरताना एक पट्टा खताविना ठेवून बघणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. आणि ढगच नसतील तर विमान काही करू शकत नाही, हेही त्याला कळले, तर दर दुष्काळात उठणाऱ्या कृत्रिम पावसाच्या मागणीकडे तो डोळसपणे पाहील.

तरुण संशोधकाने असे बोलण्यावर पहिला आक्षेप असा, की कच्चे निष्कर्ष बाहेर गेले तर दिशाभूल होते. भीती खरी आहे, पण दिशाभूल कच्चेपणामुळे होत नाही, तो लपवल्यामुळे होते. काय अजून ठरलेले नाही, हे सांगणारा माणूस विश्वास गमावत नाही. ज्येष्ठांनी बोलावे, असेही सुचवले जाते. ज्येष्ठ बोलतातच, बहुधा सगळ्याच विषयांवर! पण नोंदवहीतली कोणती नोंद डळमळीत आहे, हे ती भरणाऱ्यालाच ठाऊक असते.

वेळेचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ‘आधी पेपर, मग बाकीचे’ असे मार्गदर्शक सांगतो तेव्हा तो व्यवहारच सांगत असतो, कारण नेमणुकीच्या वेळी पेपरच मोजले जातात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ योजनेतून संशोधक विद्यार्थ्यांच्या लोकसुलभ लेखनाला पारितोषिके सुरू केली. चांगलेच झाले, पण पारितोषिक मोजक्यांना मिळते, नियम सर्वांना लागू होतो.

म्हणून एक सूचना. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असते, पण ती प्राध्यापक आणि संशोधकांपुरती. प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर चढतो आणि तिथेच राहतो. मौखिक परीक्षेआधी विद्यार्थ्याने दोन पानी मराठी टिपण द्यावे आणि त्या विषयाशी ज्याचे पोट बांधलेले आहे, अशा एकाला ते वाचून प्रश्न विचारायला बोलवावे. डाळिंबाच्या तेल्या रोगावरचा प्रबंध असेल तर सांगोल्याचा बागायतदार, यंत्रमागावरचा असेल तर विणकर. त्याच्या प्रश्नांना गुण असावेत का, आणि ते कोणी द्यावेत, यावर अधिसभेत वाद होईल. तो लवकर सुरू व्हावा.