कोल्हापूर–तिरुपती : किती तास?

मंडळी, कोल्हापूरकरांना तिरुपतीची वाट सांगायला नको, ती सोडून देतो. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ ते तिरुपतीचा रेणिगुंटा विमानतळ हे सरळ रेषेतले हवाई अंतर साधारण 655 किलोमीटर. पंख्याचे एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास जाते, म्हणजे दीड तासाच्या आतबाहेरचा प्रवास. वेळापत्रकातला वेळ मात्र निव्वळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा तो हिशेब. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढतानाचा कमी वेग, उतरताना घेतलेला वळसा, सगळे त्यात येते. वारा समोरून असला की तेच अंतर जास्त वेळ खाते, म्हणून जाण्या-येण्याच्या वेळांत फरक पडतो. यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे आणि मुख्य मुद्दा अजून राहिला आहे.

माझे म्हणणे असे, की दोन गावांमधले अंतर मोजताना पुढचे विमान कधी आहे, हेही त्यात धरले पाहिजे. केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेचा मूळ आराखडा आपल्याला माहीत आहे: तासाभराच्या, सुमारे 500 किलोमीटरच्या प्रवासाला 2,500 रुपयांची भाडेमर्यादा आणि आठवड्यातून किमान तीन फेऱ्या. समजा, विमान सोमवार, बुधवार, शुक्रवारी आहे. निघण्याची गरज आठवड्यात केव्हाही पडू शकते असे धरले, तर पुढच्या विमानासाठी सरासरी 29 तास थांबावे लागते. शुक्रवारचे चुकले, तर पुरते 72. उलट कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस ही रेल्वे रोज आहे. थांबणे सरासरी 12 तास, प्रवास विसेक तास, एकूण 32. विमानाच्या 29 तासांत दीड तास उड्डाणाचा आणि दोनेक तास विमानतळावरचे मिळवा. दोन्ही जवळजवळ बरोबरीत येतात! हसू नका, घरी जाऊन कागदावर मांडून पाहा.

मागून प्रश्न आला, की माणूस आधी ठरवून निघतो, मग सरासरी कशाला? हरकत रास्त आहे. पण तिरुमलाच्या 300 रुपयांच्या दर्शन-तिकिटावर तारीख आणि वेळ छापलेली असते. ती रविवारची निघाली, तर शुक्रवारी जायचे आणि सोमवारी परतायचे. तीन रात्रींचा मुक्काम! कोर्टाची तारीख, मुलाखत, आजारपण यांना तर विमानाचा वार बघून येता येत नाही. म्हणून फेरी रोज हवी. दुसरी हरकत अशी, की रोजचे विमान रिकामे धावेल. त्यासाठी लहान विमान लावले, तर दर आसनाचा खर्च वाढतो, हे मान्यच. पण तीन दिवसांच्या सेवेवरून मागणी मोजली, तर त्या तीन दिवसांत ज्यांचे बसते तेवढेच प्रवासी दिसतात. बाकीचे रेल्वेत किंवा ट्रॅव्हल्सच्या गाडीत असतात, त्यांची मोजणीच होत नाही. म्हणून सरकारने नव्या मार्गाला तूट भरून देताना निदान पहिली तीन वर्षे रोजच्या फेरीची अट घालावी, आणि मार्ग चालतो की नाही हे त्यानंतरच्या आकड्यांवरून ठरवावे.