कोट कोणाला राखतो?

मंडळी, आज पुस्तक जरा बाजूला ठेवू. एका कोटाविषयी बोलू.

आपल्या वर्गातल्या एका मावशींचा मुलगा कारखान्यात लागला आहे. तिथे सर्किट बोर्ड जोडतात. कामासाठी त्याला निळा कोट मिळाला. परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो, तर हा गडी तोच कोट घालून मिक्सर उघडून बसलेला. पिन भिंतीत तशीच! आम्ही आधी पिन उपसली, मग बोललो. तो म्हणतो, "गुरुजी, घाबरू नका. हा करंट न लागणारा कोट आहे."

मंडळी, असल्या समजुतीने जीव जातो. म्हणून आज हा विषय काढला.

थंडीत टेरिलिनचा सदरा काढताना चटचट आवाज होतो. अंधारात ठिणग्याही दिसतात. घासण्याने कपड्यावर आणि अंगावर वीज साठते, ती ही. तिला स्थिर वीज म्हणतात. हवा कोरडी असली की ती जास्त साठते. नायलॉनवर फार, सुती कापडावर कमी. ठिणगी आपल्याला टोचते तेव्हा तिचा दाब सुमारे ३००० व्होल्ट तरी असतो. घरच्या विजेचा २३०. मग ठिणगीने माणूस मरत कसा नाही? ती वीज अगदी थोडी असते, क्षणात संपते. उंचावरून पडलेला थेंब तो. घरची वीज म्हणजे नदीचा लोंढा.

चिपला मात्र तो थेंबही सोसत नाही. काही चिपा १०० व्होल्टच्या आतच बिघडतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. कधी ती आतून अर्धवट दुखावते, तपासणीत पास होते आणि गिऱ्हाइकाच्या घरी बंद पडते.

त्यासाठी हा कोट. त्याच्या कापडात कार्बनचे बारीक धागे असतात. नीट पाहिले तर रेघा किंवा चौकडी दिसते. हे धागे वीज साठू देत नाहीत, वाहून नेतात. आतल्या सदऱ्यावरची वीज कोट झाकून धरतो. शिवाय मनगटाला पट्टा असतो, त्याची तार अर्थिंगला जोडतात. पट्टा कातडीला टेकला पाहिजे. बाहीवर बांधला तर तो नुसता दागिना!

म्हणजे कोट राखतो चिपला. माणसाला नाही. उलट, ज्या धाग्यांतून वीज वाहते ते अंगावर घेऊन चालू लाइनीजवळ बसणे म्हणजे संकटाला बोलावणेच.

हे ऐकून मुलगा गप्प झाला. मावशींनी मात्र विचारले, "गुरुजी, मी तो कपडे मऊ करायच्या औषधात बुडवते. चालेल ना?"

चालणार नाही. त्या औषधाचा थर धाग्यांवर बसतो. ब्लीचही नको. साध्या साबणाने धुवावा.

"आणि उकडतं म्हणून हा बटणं उघडी टाकतो, ते?"

तेही चालणार नाही. आतला सदरा उघडा पडला, तर कोट घालून काय मिळवले?

मुलगा हळूच म्हणाला, "दोन बटणं तुटलीच आहेत."

मावशी सुई-दोरा आणायला उठल्या.