वाढीव खोली



खोलीवर बोलायचंय. दहा बाय दहाची, वर पत्रे, दारातच न्हाणी. पोरगं लग्नाला आलं की बाप अंगणात काढतो ती. पोरगं पोटामागं पुण्याला गेलं की तीच भाड्यानं जाते, म्हातारीच्या औषधाची सोय होते. परभणीत आपल्या वस्त्यांतून फिरा, गल्लीगणिक अशा खोल्या दिसतील. अतिक्रमणवाल्याला त्या बरोबर दिसतात. घरांचा हिशेब मांडणाऱ्या साहेबाला दिसत नाहीत.

या वस्त्या काय हौसेनं वाढल्या? १९७२ च्या दुष्काळात माणसं गावं सोडून निघाली. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात आपली घरं पेटवली, तेव्हा आणखी निघाली. आता पोरं शिकायला येतात, गंगाखेड, पालम, जिंतूरकडची. कृषी विद्यापीठ इथं, कॉलेजं इथं. ‘खोली भाड्याने देणे’ ही पाटी बघून दार वाजवलं की आधी गाव विचारतात, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते! मला अशी तीन दारं ओळीनं भेटली. शेवटी आपल्याच वस्तीतल्या एका मावशीनं घरामागची पत्र्याची खोली दिली.

२०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर सरकार राहण्या-जेवणाचे पैसे देतं. द्यायलाच पाहिजेत, उपकार नाहीत. पण पैसे घेऊन पोरगं राहणार कुठं? भाडं सरकारचं, खोली मावशीची. आणि नोटीसही मावशीलाच.

आता कायदा बघा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही भाग सोडून सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर बांधायला परवानगीसाठी खेटे घालायची गरज नाही. परवानाधारक माणसाचा नकाशा द्या, शुल्काची पावती घ्या, कामाला लागा. दीडशे मीटर म्हणजे दीड गुंठ्याला जरा कमी. आपल्या जागा त्याहून लहानच. नियम जणू आपल्यासाठीच केलाय! फक्त आधी मालकीचा कागद दाखवा. तिथंच घोडं पेंड खातं.

बरं, बिनकागदाच्यांना सरकार कधी माफ करतच नाही असंही नाही. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ ला त्याची मर्यादा वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचं काम आत घेतलं. शेताचे तुकडे पाडून विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला, घेणाऱ्यानं शुल्क भरून कागद मिळवला. त्यातही गरीब आहेत, माझं भांडण त्यांच्याशी नाही. पण तो कायदा खासगी जमिनीचा. सरकारी जागेवरच्या वस्तीसाठी २०१८ चा शासन निर्णय, आणि त्याची तारीख १ जानेवारी २०११. म्हणजे बापाचं घर आधीचं, ते बसलं. पोराची खोली नंतरची, ती लटकली. एकाच अंगणात दोन तारखा.

वर शास्तीची गंमत ऐका. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत दंड लावायची तरतूद महानगरपालिका अधिनियमात २००८ पासून आहे. आणि तोच कायदा म्हणतो, दंड भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. पैसे पवित्र, खोली बाटलेली!

सरकारला ही खोली ठाऊक नाही असं समजू नका. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत, शहरांसाठीच्या, जुन्या घराला किमान नऊ चौरस मीटरची पक्की वाढ करायलाही केंद्राचे दीड लाख होते. नऊ मीटर म्हणजे सत्त्याण्णव फूट. हीच आपली दहा बाय दहा! पण जागेचा कागद तिथंही लागायचा. आणि खेड्यात रमाईचं घरकुल मिळतं ते २६९ चौरस फुटांचं. त्यात म्हातारा-म्हातारी, दोन पोरं, एक सून. वाढीव खोली काढणार नाहीत तर काय करतील?

अमेरिकेत कॅलिफोर्नियात घरं महाग झाली, तेव्हा २०१६ पासून कायदे करून परसातल्या अशा जोडघरांना वाट दिली. नगरपालिकांचे नखरे कमी केले, २०२० पासून साठ दिवसांत निकाल द्यायचं बंधन घातलं. अर्थात ज्याला परस आहे त्याचीच तिथं चांदी झाली. नक्कल करायची तर तेवढं लक्षात ठेवून करा.

एक गोष्ट मात्र आपल्याच माणसांना सांगायची. आपली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत पाया न खणता घरकुलावर दुसरा मजला चढवला तर भिंत फाटते, आणि खाली लेकरं निजलेली असतात. म्हणून इंजिनिअर पाहिजे, वस्तीत येणारा, फुकट सल्ला देणारा. मनपानं नोटीस द्यायला माणूस पाठवायचा आणि पाया बघायला नाही, हे चालणार नाही. मागणी एवढीच: वस्तीला पट्टे, वाढीव खोलीला एक पानी अर्ज, पाया तपासायला माणूस आणि नऊ मीटरला अनुदान. २०११ ची तारीख खोलीला लावायची नाही.

पण मागायला जायचं तर आकडे हातात पाहिजेत. रविवारपासून खोल्या मोजायच्यात. कोणती कधी काढली, कोण राहतं, भाडं किती, लाइटबिल कुणाच्या नावावर. टेप आहे, वह्या आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी जाताना दाराजवळच्या कागदावर नाव लिहा.