मेनफ्रेमवर टाकलंय, आता काय?

जॉइनिंगचा सीझन आला की एक मेसेज हमखास येतो. "दादा, मित्रांना रिॲक्ट मिळालं आणि मला मेनफ्रेम. संपलं का करिअर?" म्हणून आज कोबोलबद्दल बोलू.

कोबोल १९५९ सालची, म्हणजे आपल्या आजोबांच्या जमान्यातली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिकवरून तिने बरंच घेतलं. लिहायला पाल्हाळीक आहे, खरंय. पण एक प्रयोग करा. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ विचारा. उत्तर येतं ०.३, पुढे पंधरा शून्यं, आणि मग एक ४! कारण तिथे आकडे बायनरीत साठवतात आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. कोबोलमध्ये तुम्ही आधीच सांगता, रकमेत दशांशाच्या आधी इतके आकडे, नंतर दोन. मग हिशोब दशमानातच होतो, आपण वहीत करतो तसा. रात्रीत लाखो खात्यांवर व्याज चढवायचं तर असंच हवं ना? नव्या भाषांतही हे जमतं, पण त्यासाठी वेगळी सोय वापरायला लागते.

एप्रिल २०२०. कोविडमुळे अमेरिकेत बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला. न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी चक्क कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत असं आवाहन केलं. सगळ्यांनी म्हाताऱ्या भाषेला धुतलं. पुढे इतिहासकार मार हिक्स यांनी दाखवून दिलं, की कोलमडली होती ती पुढची वेबसाइट, आणि ती जावामध्ये होती. मागचं कोबोल चालूच होतं!

मग बदलत का नाहीत? कारण भाषा बदलणं सोपं, नियम शोधणं अवघड. कुठल्या खात्याला कुठली सूट, हे कित्येकदा फक्त कोडमध्येच असतं. लिहिणारे केव्हाच रिटायर झालेत.

आणि हो, वायटूकेच्या वेळी असलीच जुनी कोडं दुरुस्त करून आपल्याकडच्या कितीतरी आयटी कंपन्या मोठ्या झाल्या.

तरी सरसकट "घ्या" असं मी म्हणणार नाही. मॅनेजरला सरळ विचारा, सर, काम नक्की काय? रात्रपाळीत बसून फेल झालेला जॉब रीस्टार्ट करायचा असेल, तर वर्षभरात दुसरं बघा. कोड वाचून नियम उलगडायचे असतील, तर थांबा, आणि सोबत जावा शिका. दोन्हीकडचं कळणारी माणसं कमी आहेत.